कथाबीज तपासून हवंय: नाचातली विजोड जोडी

गोदाकाठची
नमस्कार मंडळी. बऱ्याच काळाने धागा काढतेय. दिवाळी अंकासाठी एक कथा डोक्यात घोळतेय. सुरुवात झोकात होते आणि मग गाडी अडते ती अडतेच. बीज असं:

नाशिकरोडची एक सोसायटी. कोजागरीला जोडीनृत्याची टूम निघते. जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरतात. नाना (वय ६३, प्रेसमधून निवृत्त, विधुर, शिस्तीचे) आणि तन्वी (वय २४, झुंबाचे क्लास घेते, भाड्याने राहते, सगळीकडे उशिरा पोचते) अशी जोडी लागते. नाच साल्सा. आधी खटके, मग सराव, मग एकमेकांची दुःखं कळतात आणि शेवटी गच्चीवर दोघं असे काही नाचतात की सोसायटी बघत राहते.

"मग एकमेकांची दुःखं कळतात" हे लिहिताना मलाच जांभई येते, तर वाचणाऱ्याचं काय होईल! नेमकं कुठे फसतंय? मोकळेपणी सांगा, रडणार नाही.

तिखट_रस्सा
तो काटेकोर, ती मोकळी. शेवटी तो मोकळा होतो, ती वेळेवर यायला लागते. टाळ्या, मसाला दूध, आभार प्रदर्शन. ही गोष्ट मी आधी वाचलीय, फक्त तेव्हा नाना पुण्यात राहायचे.

मुळामुठेकर
पुण्याला विनाकारण मध्ये ओढल्याबद्दल निषेध.

माझा साधा प्रश्न: पटत नाही तर दोघं नाव मागे का घेत नाहीत? कोजागरीचा कार्यक्रम आहे, कोर्टाचा आदेश नव्हे. चिठ्ठीत जोडी लागणं ही लेखिकेची सोय झाली. दोघांपैकी निदान एकाला तरी हा नाच हवाच असला पाहिजे, आणि नेमका या दुसऱ्या माणसावाचून तो होत नसला पाहिजे. मग भांडू देत हवं तितकं.

ओझरकर
प्रेसचा माणूस दाखवायचा तर "शिस्तीचे" या एका शब्दावर भागवू नका. नेहरूनगरच्या क्वार्टर्समध्ये माझे बरेच स्नेही होते. नोटा छापण्याची जागा, सीआयएसएफचा पहारा, आत शिरताना तपासणी, बाहेर पडताना तपासणी. उभा जन्म पाळीवर जाता-येता हात वर करून उभा राहिलेला माणूस! त्याच्या कमरेला नाचात कुणी हात लावला तर त्याचं अंग काय करेल? मला तर वाटतं हात आपोआप वर जातील. ते लिहा. दुःख वगैरे नंतर बघू.

निमाणी_स्टॉप
ओझरकर, दंडवत घ्या.

घुंगरू_बिंगरू
ओझरकरांनी बरोबर जागी बोट ठेवलंय. मी कॉलेज रोडला कथक शिकवते, त्यामुळे माझी तक्रार धंद्यातली समजा. या कथेत नाच आहेच कुठे? साल्साच्या जागी कॅरम घाला, एक वाक्य बदलावं लागणार नाही.

साल्साच घ्यायचा तर त्याच्या आत शिरा. मोजणी आठाची, पण चौथ्या आणि आठव्या आकड्याला पाऊल पडत नाही. एकाने न्यायचं, दुसऱ्याने त्याच्या तळहाताच्या दाबावरून ओळखायचं की आता वळायचंय. झुंबा शिकवणारी मुलगी रोज खोलीभर माणसांसमोर उभी राहून सगळ्यांना नेते. तिला कुणी नेलेलं सोसेल? हा खरा खटका, आणि तो नानांच्या वयाचा नाही.

आमच्याकडचं उदाहरण देते. तीनतालात मुलींना अगदी सुरुवातीला एक तिहाई देतो, म्हणजे तोच तुकडा तीनदा: पाच मात्रांचा तुकडा, एक मात्रा दम, पुन्हा पाच, एक मात्रा दम, पुन्हा पाच. बेरीज १७. ताल १६ मात्रांचा, म्हणजे सतरावी मात्रा ही पुढच्या आवर्तनाची सम, त्याची पहिली मात्रा. तुकडा सगळ्यांना पटकन बसतो. घोळ होतो तो त्या एका रिकाम्या मात्रेत. एखादीला ती सहनच होत नाही, पाय आधीच पडतो. दुसरी तिथे इतकी रेंगाळते की सम निघून जाते. अशा दोघी शेजारी उभ्या करा, विजोड जोडी म्हणजे काय ते न सांगता दिसतं. वय, पगार, सिडकोत राहते की गंगापूर रोडला, ही सगळी मागाहूनची माहिती.

गोदाकाठची
बापरे. वहीत उतरवून घेतलं सगळं. नानांचे वर जाणारे हात मला फार आवडले, पण त्यामुळे अडचण अशी झाली की आता तन्वीच फिकी पडलीय. आणि घुंगरूताई, साल्सा मी फक्त व्हिडिओत पाहिलाय. चौथ्या आकड्याची गोष्ट मला आत्ता कळली.

तिखट_रस्सा
मग जो नाच पाहिलेला नाही तो लिहायचा हट्ट का?

चष्मिष
हेच म्हणायला आले होते. बाई गं, तू नाशिकची ना? जन्मात फुगडी घातली नाहीस? आपल्याकडचा अस्सल जोडीचा नाच तोच. त्यात जोडी विजोड असली तर कथेला खलनायक लागत नाही.

आमचा मंगळागौरीचा ग्रुप आहे. श्रावणात कार्यक्रम, शिवाय स्पर्धा. झिम्मा, पिंगा, लाट्या बाया यात बारा-पंधरा जणींच्या गर्दीत एखादी चुकली तर खपून जाते. फुगडीत लपायला जागा नाही. उजव्या हातात उजवा, डाव्यात डावा, पावलं जवळजवळ भिडवायची, अंग मागे टाकायचं आणि पूर्ण भार समोरचीच्या हातावर सोपवायचा. सोपवला नाही तर फुगडी फिरतच नाही, नुसती चालल्यासारखी दिसते. घामाने तळवे निसटतात म्हणून आम्ही शेवटी मनगटं धरतो. आमच्यात एक काकू आहेत अंगाने भारदस्त. त्यांच्याशी फुगडी घालायला कुणी धजावत नाही, सगळ्या म्हणतात त्या ओढतात. त्यांचं म्हणणं, या पोरी भार टाकतच नाहीत. दरवर्षी हेच भांडण. घे, तुझी कथा.

ओझरकर
काकूंवर अन्याय होतोय. निवृत्त झालो तरी एचएएलचा, विमान कारखान्यातला माणूस, गप्प बसवत नाही.

दोघींच्या हातांतला ताण सारखाच असतो. जड बाई हलकीला जितकी ओढते, तितकीच हलकी जडीला ओढते. फरक वर्तुळात पडतो. समजा एक ८० किलोची, दुसरी ४८ किलोची, आणि दोघींच्या शरीरांच्या भारमध्यांत अंतर १२० सेंटीमीटर. ज्या अक्षाभोवती दोघी फिरतात तो मधोमध नसतो. तो जड बाईपासून ४५ सेंटीमीटरवर येतो, हलकीपासून ७५ वर. म्हणजे एका गिरकीत जड बाईचं शरीर साधारण २.८ मीटर फिरतं आणि हलकीचं ४.७ मीटर, वेळ तेवढाच. हलकीला जास्त मागे कलावं लागतं, जड बाई बरीच सरळ राहते. बघणाऱ्याला वाटतं एक खांबासारखी उभी आहे आणि दुसरीला फरफटवतेय. फरफट नाहीच, भूमिती आहे.

चष्मिष
ओझरकर, हे मी काकूंना वाचून दाखवणार आहे. ग्रुपमध्ये राडा होईल.

तिखट_रस्सा
आता कुठे गोष्टीला तोंड फुटलं. दोघींना वाटतं समोरची ओढतेय, आणि दोघी खऱ्याच आहेत. नाना, तन्वी, कोजागरी, सगळ्यांना निरोप द्या.

मुळामुठेकर
नानांबद्दल वाईट वाटतंय. त्यांना दुसऱ्या कथेसाठी राखून ठेवा.

गोदाकाठची
ठेवले राखून. दोन दिवस डोक्यात नुसती गरगर चाललीय. नवीन आराखडा टाकतेय, झोडा:

सुमनताई, ६०च्या आसपास, नाशिकरोड. मंगळागौरीच्या ग्रुपमध्ये फुगडी त्यांची, हे ठरलेलं. त्यांची जोडीदार निर्मलाताई. या वर्षी निर्मलाताईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. दुसरी कुणी सुमनताईंसमोर उभी राहत नाही. मग येते केतकी. पंचवटीत नवी सून, कथक विशारद, लग्नानंतर स्टेज सुटलंय. तिला कुठलंही स्टेज हवंय, मंगळागौरीचं तर मंगळागौरीचं. सुमनताईंना अंग टाकणारी कुणीतरी हवीय. म्हणजे मुळामुठेकरांच्या प्रश्नाला उत्तर मिळालं: दोघींना गरज आहे.

आणि घुंगरूताई, हे तुमच्या तिहाईवरून सुचलं. केतकीच्या अंगाला प्रत्येक गोष्टीचा शेवट आधी माहीत असतो. सम कुठे येणार हे पाऊल उचलतानाच ठरलेलं. फुगडीला समच नाही. दोघींपैकी एकीचा दम संपेल तेव्हा ती संपते. सुमनताईंना शेवट माहीत नसण्यातच मजा येते, केतकीला तेच सोसत नाही.

घुंगरू_बिंगरू
हे फार चांगलं आहे. वजनापेक्षाही हे चांगलं आहे, ओझरकरांची माफी मागून.

अजून एक देते. चक्कर घेताना आम्ही नजर समोर एका जागी रोवायला शिकवतो. अंग वळतं, मान शेवटपर्यंत मागे राहते आणि झटक्यात पुन्हा समोर येते. वर्षानुवर्षं केलं की मान आपोआप तसं करते. फुगडीत नेमकं उलटं, समोरचीच्या चेहऱ्यावर नजर ठेवायची, कारण सगळं फिरत असताना तेवढा चेहराच जागेवर असतो. नजर हलली की भोवळ. तुमची केतकी दर फेरीला प्रेक्षकांकडे मान झटकणार, आणि सुमनताईंना वाटणार ही पोरगी माझ्याकडे बघतच नाही. यावर दोन पानं सहज निघतील.

निमाणी_स्टॉप
वाचतोय. जाता जाता, केतकी सरावाला नाशिकरोडला येते कशी?

गोदाकाठची
सिटीलिंकच्या बसने, पंचवटीतल्या निमाणी स्टँडवरून. त्यावरून आठवलं, कळस असा डोक्यात आहे: स्पर्धेच्या दिवशी गोदेला पूर. गंगापूर धरणातून पाणी सोडलंय, पूर ज्याच्यावरून मोजतात त्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलंय, केतकी पंचवटीत अडकलीय, इकडे सुमनताई साडी नेसून वाट बघताहेत...

निमाणी_स्टॉप
अडकत नाही हो. मी त्याच बाजूला राहतो. पुराच्या दिवशी होळकर पुलावर बघ्यांची झुंबड असते, रामकुंडाकडे जाऊ देत नाहीत, सराफ बाजारातले लोक दुकानं रिकामी करत असतात. पण निमाणीहून नाशिकरोडची बस कन्नमवार पुलावरून द्वारकेला जाते. मारुती छातीपर्यंत बुडाला म्हणून ती बंद होत नाही. नारोशंकराच्या देवळातल्या घंटेला पाणी लागलं तर गोष्ट वेगळी, तसा पूर रोज येत नाही.

तिखट_रस्सा
आणि आलाच तरी नको. एवढं दोन माणसांच्या मनगटांवर आणून ठेवलंत आणि ऐन वेळी नदी कशाला? पूर आला की लेखकाला सुट्टी मिळते.

ओझरकर
उशीरच व्हायला हवा असेल तर द्वारका चौकातली कोंडी पुरेशी आहे. कुठलाही दिवस चालेल.

निमाणी_स्टॉप
त्यात सिंहस्थाची खोदकामं धरा. सूर्यास्तापर्यंत पोचली तरी नशीब.

अहिराणी_पोरगा
इतका वेळ नुसताच वाचत होतो, एक शंका आहे. सुमनताई कुठल्या? तुम्ही त्यांना नाशिकरोडला ठेवलंय, पण तिकडचे निम्मे लोक नोकरीपायी आलेले. माझ्या डोळ्यांसमोर ही बाई कळवण-सटाण्याकडची येते. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी आल्या की झोके, गाणी, फुगड्या, सगळं अंगणात नाहीतर शेताच्या बांधावर. तिथे ना स्टेज, ना परीक्षक. मंगळागौर आमच्या आजीने कधी पूजली नाही. शहरात आल्यावर ग्रुप मिळाला म्हणून ती बाई त्यात शिरली असणार, आणि ग्रुपमधल्या दोन-चार जणींनी तिला "तुमच्याकडे असते का हो मंगळागौर?" असं गोड आवाजात विचारलं असणार. त्यांना तोंड देण्याऐवजी ती फुगडी घालून दाखवत आली. निर्मलाताई एकटीच तिच्यासमोर उभी राहिली. असं असेल तर निर्मलाताईचा गुडघा ही बारीक गोष्ट राहत नाही.

आणि वेगात आल्यावर तिच्या तोंडून प्रमाण मराठी निघणार नाही. "हात नको सोडू व माय," असं निघेल.

चष्मिष
तो गोड आवाजातला प्रश्न मी प्रत्यक्ष ऐकलाय. जास्त बोलत नाही.

गोदाकाठची
पोरा, तू कथा लिहीत नाहीस का? का नाही लिहीत?

एक तुकडा टाकतेय. पहिला सराव आहे, निर्मलाताईंच्या हॉलमध्ये.

"सुमनताईंनी बांगड्या कोपराकडे सरकवल्या, पदर खोचला आणि हात पुढे केले. केतकीचं मनगट त्यांच्या मुठीत पूर्ण बसून वर अंगठा उरला. पावलं भिडली. पहिली फेरी सावकाश गेली, दुसरीत काठ फडफडायला लागले. तिसरीला केतकीची मान झटक्यात भिंतीकडे गेली. चौथीलाही. भिंतीवर गॅस एजन्सीचं कॅलेंडर होतं.

'तिकडे कोण आहे?'

'कुणी नाही काकू. सवय आहे. चक्कर घेताना समोर बघायचं असतं.'

'समोर मी आहे.'

केतकीने मान सरळ केली. तिचे ओठ मात्र हलत होते.

'आणि हे काय पुटपुटतेस?'

'मोजतेय. थांबायचं कुठे ते.'

'थांबायचं कुणी सांगितलं तुला?' सुमनताईंनी वेग वाढवला.

खुर्चीत बसलेल्या निर्मलाताईंनी पाय स्टुलावरून खाली घेतला. सुमनचा वेग आता कुठवर जाणार हे त्या हॉलमध्ये फक्त त्यांना ठाऊक होतं, आणि त्या काही बोलल्या नाहीत."

तिखट_रस्सा
"समोर मी आहे" छान. कॅलेंडरही छान. शेवटच्या वाक्यातलं "त्या हॉलमध्ये फक्त त्यांना ठाऊक होतं" काढा. निर्मलाताईंनी पाय खाली घेतला आणि बोलल्या नाहीत, एवढ्यावर कळतं. तुम्ही वाचकाच्या कानात येऊन सांगताय.

मुळामुठेकर
मला उलट ते वाक्य हवंसं वाटलं. पण निर्मलाताई गप्प का, हे पुढे मिळायला हवं. नवी जोडी जमू नये असं तिला वाटतं का? मला ती आवडायला लागलीय, म्हणून विचारतो.

चष्मिष
बांगड्या कोपराकडे सरकवायच्या नसतात, काढूनच ठेवायच्या असतात. काचेची बांगडी मनगटाच्या पकडीत फुटली तर दोघींना लागते. आमच्याकडे जी खेळत नाही तिच्या ओटीत सगळ्यांच्या बांगड्या आणि मोबाइल. म्हणजे तुझ्या निर्मलाताईच्या.

गोदाकाठची
आई गं! निर्मलाताईच्या ओटीत सुमनताईच्या बांगड्या. घेतलं. आणि हो मुळामुठेकर, तिला वाटतं तसं. गुडघा बरा होईपर्यंत जागा रिकामी राहावी इतकंच तिला हवंय. वाईट बाई नाही ती.

आता शेवटावर अडलेय. स्पर्धेत गाणं रेकॉर्ड केलेलं असतं, ते ठरलेल्या जागी संपतं. केतकीला ती जागा पाठ आहे. सुमनताई थांबत नाहीत. तिथे काय होतं?

मुळामुठेकर
बक्षीस मिळू दे. दुसरं का होईना.

तिखट_रस्सा
बक्षीस दिलंत तर मी या धाग्यावर परत येणार नाही.

ओझरकर
तांत्रिक बाजू सांगतो, निवड तुमची. वेगात असताना केतकीने पावलं एकदम रोवली तर सुमनताईंच्या ८० किलोंचा सगळा वेग तिच्या मनगटांवर येईल. हात टिकले तर ती ओढली जाऊन पुन्हा फिरायला लागेल. हात सुटले तर दोघी विरुद्ध दिशांना जातील आणि हलकी पाचास तीन या प्रमाणात जास्त वेगाने. आपटणार ती केतकी, नाव होणार सुमनताईंचं.

घुंगरू_बिंगरू
माझ्या मते केतकी बरोबर समेवर थांबते, कारण तिच्या अंगाला दुसरं येतच नाही. सुमनताई तिला ओढून पुढे नेतात, कारण त्यांच्या अंगालाही दुसरं येत नाही. गाणं संपलेलं, पेटी-ढोलकी बंद, आणि दोघी फिरताहेत. आता सुमनताईंनी मोजायला लागावं आणि केतकीने मोजणं सोडावं, असला अदलाबदलीचा शेवट मात्र करू नका, नाहीतर आपण पुन्हा नाना-तन्वीपाशी आलो. जुळू देऊ नका त्यांना. परीक्षक वेळेचे गुण कापतील, कापू देत.

अहिराणी_पोरगा
आणि "हात नको सोडू व माय" हे त्या बिनगाण्याच्या फेऱ्यांमध्ये येऊ द्या. सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल, त्या गोड आवाजवाल्यांनाही.

गोदाकाठची
तसंच करते. सभागृह कालिदास घेऊ का, की साईखेडकर? मला स्टेजची लाकडी जमीन हवीय, पावलांचा आवाज येणारी.

निमाणी_स्टॉप
कालिदास घ्या. शालिमारला उतरलं की आलंच, केतकीला सोपं.

तिखट_रस्सा
दोन्हीपैकी कुठलंही घ्या, पण नाव एकदाच लिहा. नाशिकची जाहिरात करायला बसला नाहीत.

चष्मिष
पुढच्या मंगळवारी आमचा सराव आहे, ये. काकूंना सांगून ठेवलंय की लेखिका येतेय म्हणून. त्या म्हणाल्या, नुसतं बघून काय लिहिणार, समोर उभी राहा म्हणावं. तेव्हा पंजाबी ड्रेस घालून ये, ओढणी नको, नखं काप आणि येण्याआधी भरपेट जेवू नकोस.